बाफानेबाई टिकल्या कशा?

नोरा फिंगशाइट या दिग्दर्शिकेच्या ‘सिस्टीमश्प्रेंगर’ या जर्मन चित्रपटात एक प्रसंग आहे. नऊ वर्षांच्या बेनीला तिची आई घरी न्यायचं कबूल करते आणि मग माघार घेते. ही बातमी मुलीला सांगायची वेळ येते बाफानेबाईंवर, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या बाईंवर. त्यांनाच रडू कोसळतं, अगदी आवरता येणार नाही असं. आणि जिची समजूत घालायची, ती मुलगीच त्यांची समजूत घालू लागते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा या प्रसंगाला मीही रडले होते. चित्रपट 2019 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात आला, तिथे त्याला रौप्य अस्वल मिळालं, पुढच्या वर्षी जर्मन चित्रपट पुरस्कारांपैकी आठ त्याने नेले आणि बाफानेबाईंचं काम करणाऱ्या गाब्रिएला मारिया श्माइडे यांनाही त्यात एक मिळाला. सगळे रास्तच. पण गेल्या वर्षी मी तो पुन्हा पाहिला. मधल्या काळात माझं पीएचडीनंतरचं संशोधन सुरू झालं होतं. विषय असा, की मुलांच्या संरक्षणाच्या नोकरीत कोण येतं, कोण टिकतं आणि कोण कधी सोडून जातं. या खेपेला त्याच प्रसंगाला डोळ्यांत पाणी आलं नाही. भलताच प्रश्न पडला. या बाई अजून नोकरीवर कशा?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बेनी कुठेच टिकत नाही. पालक-कुटुंब, वसतिगृह, विशेष शाळा, सगळीकडून तिला परत पाठवतात, कारण राग आला की ती समोरच्याला आणि स्वतःला इजा करते. तिच्या तोंडाला कोणी हात लावलेला तिला चालत नाही. तिला फक्त आई हवी आहे, आणि आईला तिची भीती वाटते. अशा मुलांना इथल्या व्यवसायात ‘सिस्टीमश्प्रेंगर’ म्हणतात, म्हणजे व्यवस्थेला सुरुंग लावणारी. फिंगशाइटबाई स्टुटगार्टमध्ये बेघर स्त्रियांच्या निवाऱ्यावर माहितीपट करत असताना तिथे चौदा वर्षांची एक मुलगी राहायला आली. एवढी लहान मुलगी इथे कशी, असं विचारल्यावर हा शब्द त्यांच्या कानावर पडला, आणि चित्रपट तिथून सुरू झाला.

चित्रपटाचा मोठेपणा असा की त्यात खलनायक नाही. डॉक्टर चांगले आहेत, वसतिगृहातले लोक चांगले आहेत, मिशा हा मदतनीस तर बेनीला घेऊन जंगलातल्या झोपडीत तीन आठवडे राहतो. सगळे चांगले असूनही मुलीला जागा मिळत नाही. हे दाखवायला धैर्य लागतं. आपल्याकडच्या पटकथेत एखाद्या दुष्ट वॉर्डनशिवाय अनाथाश्रमाचं दार उघडत नाही.

तरीही या अतिशय प्रामाणिक चित्रपटात एक मोठी कल्पनारम्य गोष्ट आहे, आणि ती म्हणजे बाफानेबाई. पहिल्या दृश्यांपासून अखेरपर्यंत बेनीची फाइल एकाच बाईंच्या हातात आहे. त्यांना मुलीचा सगळा इतिहास तोंडपाठ आहे. त्या फोन करत राहतात, नकार घेत राहतात, पुन्हा फोन करतात. त्यांच्या टेबलावर दुसऱ्या मुलांच्या किती फायली पडल्या आहेत ते कॅमेरा मोजत नाही. शेजारच्या खुर्चीवरची सहकारी तीन महिने आजारी रजेवर आहे आणि तिची कामंही यांच्याच गळ्यात आहेत, असलं काही आपल्याला दिसत नाही. व्यवस्था अपुरी पडते ती जागा नाहीत म्हणून, माणसं नाहीत म्हणून नव्हे, असं चित्रपट पाहून वाटतं.

प्रत्यक्षात काय चित्र आहे? जर्मनीत साडेपाचशेहून अधिक युगेंडआम्ट आहेत, म्हणजे बाल व युवक कल्याण कार्यालयं. ती केंद्राची नाहीत, जिल्ह्यांची आणि शहरांची आहेत. बाफानेबाई ज्या विभागात काम करतात तो सर्वसाधारण समाजसेवा विभाग. कुटुंबाला मदत मंजूर करणं, घरी जाऊन पाहणं, धोका आहे का ते ठरवणं, गरज पडली तर मूल तात्पुरतं ताब्यात घेणं, न्यायालयात अहवाल देणं, हे सगळं या विभागाचं. 2018 मध्ये कोब्लेंत्सच्या हॉखशूलंने या विभागाची देशभर पाहणी केली. 175 कार्यालयांतल्या 652 जणांनी उत्तरं दिली. विभागाच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस होती, पूर्णवेळ व्यक्तीमागे फार तर 35 प्रकरणं. पुष्कळ ठिकाणी ती मर्यादा ओलांडलेली होती, काही ठिकाणी संख्या शंभराच्या घरात होती. कामाच्या वेळेतला साठ टक्क्यांहून अधिक वेळ जात होता नोंदी करण्यात. उरलेल्या वेळात माणसं.

बर्लिनमध्ये तर या कार्यालयांच्या खिडक्यांतून कर्मचाऱ्यांनी पांढरे झेंडे लटकवले होते. शरणागतीचे. मला ते कुठल्याही घोषणेपेक्षा बोलके वाटतात.

माणसं का टिकत नाहीत याचं उत्तर पगार, असं आपण चटकन देतो. ते अर्धंच खरं आहे. नगरपालिकांच्या वेतनकरारात मुलाच्या जिवाला धोका आहे का हे ठरवणाऱ्यांसाठी एस-14 नावाची वेगळी श्रेणी आहे, म्हणजे कामाची जोखीम कागदावर मान्य आहे. 2022 च्या करारात त्यांना दरमहा 180 युरो भत्ता मिळाला आणि वर्षाला दोन दिवस ‘पुन्हा ताजंतवानं होण्याची’ रजा. (दोन दिवस! कोणत्या वैद्यकीय शास्त्रावरून हा आकडा काढला असेल, कोण जाणे.) पण वेतनकरार बहुतेक जागी सारखाच असल्यामुळे एक गंमत होते. म्युन्शेन आणि एखादं स्वस्त तालुक्याचं गाव जवळपास सारखाच पगार देतात, घरभाडं मात्र दुप्पट-तिप्पट. बर्लिनची गोष्ट आणखी निराळी, कारण ते राज्यांच्या करारात आहे. शेजारच्या ब्रांडेनबुर्गमधल्या नगरपालिका जास्त देत, म्हणून माणसं रेल्वेने अर्धा तास पलीकडे जात. 2020 च्या नोव्हेंबरपासून बर्लिनने 150 युरोंचा राजधानी भत्ता सुरू केला तो मुख्यतः यासाठीच.

आणि ज्याच्या हातात समाजकार्याची पदवी आहे त्याला आज पर्याय भरपूर आहेत. शाळेत समुपदेशक व्हा, समुपदेशन केंद्रात जा, एखाद्या सेवाभावी संस्थेत रुजू व्हा. तिथे रात्री झोप लागते. कोलोनच्या आर्थिक संशोधन संस्थेने 2022 मध्ये हिशेब मांडला तेव्हा समाजकार्य हाच देशात सर्वाधिक टंचाई असलेला पेशा निघाला, सुमारे 20,600 जागांसाठी योग्य बेरोजगार माणूस उपलब्ध नव्हता. हा आकडा वर्तमानपत्रांत खूप फिरला. मला तो अपुरा वाटतो. तो रिकाम्या जागांतून पात्र बेरोजगार वजा करून काढतात. नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून जी जागा निर्माणच केली नाही, ती त्यात येत नाही. आणि ज्या जागेवर चोवीस वर्षांची मुलगी रुजू झाली, दहा महिन्यांत गेली, मग दुसरी आली, ती जागा तर भरलेलीच धरली जाते. बेनीच्या बाजूने पाहिलं तर ती जागा रिकामीच होती.

आमच्या क्षेत्रातल्या संशोधनाबद्दलही थोडी तक्रार करते. मुलाला एकच कार्यकर्ती असण्याचं महत्त्व सांगायला जगभर एक अभ्यास वापरतात, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा, 2005 चा. एकच कार्यकर्ती असलेल्या मुलांपैकी 74.5 टक्क्यांना ठरावीक काळात कायमचं घर मिळालं. दोन झाल्या की प्रमाण 17.5 टक्क्यांवर आलं. परिषदेत हा आलेख पडद्यावर आला की सभागृह सुस्कारा सोडतं. मीही पूर्वी तो दाखवत असे. पण विचार करा. जे मूल तीन महिन्यांत आईकडे परतलं, त्याला दुसरी कार्यकर्ती भेटायला वेळच कुठे मिळाला? जे चार वर्षं अडकलं, त्याच्या आयुष्यातून चारपाच जणी जाणारच. बदल्यांमुळे मूल अडकलं की अडकल्यामुळे बदल्या वाढल्या, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. परिणाम खरा असेल, माझा अंदाज तो आहे असाच आहे, पण 74 आणि 17 यांतलं अंतर सगळं त्याच्या नावावर लावणं म्हणजे फसवणूक.

दुसरा दोष आम्हा सगळ्यांचा. आम्ही प्रश्नावल्या पाठवतो त्या नोकरीवर असलेल्यांना. कोब्लेंत्सच्या पाहणीतही टिकलेल्यांचीच उत्तरं आहेत. ज्या गेल्या त्यांचा आवाज कुठे आहे? या बाबतीत अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2003 मध्ये चांगलं काम केलं. त्यांनी नोकरी सोडताना दिलेल्या सुमारे सहाशे मुलाखतींच्या नोंदी गोळा करून वाचल्या. पगार कमी होताच, पण त्याबरोबर वारंवार आलं ते असं: प्रकरणं फार, कागदपत्रं फार, आणि अडचणीच्या वेळी ज्याला विचारावं असा अनुभवी वरिष्ठ नाही. वरिष्ठ का नाही? तोही सोडून गेला. नवी मुलगी ज्याच्याकडे पाहून शिकली असती तोच जागेवर नसतो, मग तीही जाते. ही गळती अशी आपली आपणच वाढत राहते.

आता आपल्या माणसांकडे येते, कारण या विषयावर परदेशातल्या मराठी घरांत जी चर्चा होते ती दुसऱ्याच एका चित्रपटावरून होते. ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’, मार्च 2023, दिग्दर्शिका आशिमा छिब्बर. स्टावांगरला 2011 मध्ये एका बंगाली कुटुंबाची दोन मुलं ताब्यात घेतली गेली, त्या आईच्या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. राणी मुखर्जी गाडीमागे धावते ते दृश्य पाहून पोटात कालवलं नाही असा आईबाप विरळा. मला तो चित्रपट टाकाऊ वाटत नाही. भाषा धड येत नाही, समोर बसून कोणी आपल्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते वहीत टिपून घेतंय, आणि त्या वहीवरून आपल्या मुलांचं भवितव्य ठरणार आहे, ही भीती त्यात नेमकी उतरली आहे. ती भीती खोटी नाही.

पण वही लिहिणाऱ्या त्या दोन बायका! त्यांना टेबल नाही, साहेब नाही, घर नाही, दुसरं प्रकरण नाही. जणू या एका कुटुंबावर पाळत ठेवण्यासाठीच त्यांची नेमणूक झाली आहे. पुढे चित्रपट सुचवतो की या साऱ्यामागे पैशाची साखळी आहे. नॉर्वेच्या भारतातल्या राजदूतांनी तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितलं की हाताने भरवलं म्हणून तिथे मुलं काढून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण राजदूत राणी मुखर्जीसारखे धावत नाहीत.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले तर एक बाई संत आहे आणि दोघी चोर. तिघींपैकी एकही कर्मचारी नाही. म्हणून ‘तिच्याकडे माझ्यासाठी किती वेळ आहे?’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारला जात नाही. मुलांच्या संरक्षणाच्या कामात त्याहून मोठा प्रश्न नाही, आणि परक्या भाषेतल्या आईबापांसाठी तर नाहीच.

ब्रेमेनचं उदाहरण घ्या. 2006 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे दोन वर्षांच्या एका मुलाचा मृतदेह घरातल्या फ्रिजमध्ये सापडला. मूल कायद्याने सरकारच्या पालकत्वाखाली होतं. पालक म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावावर दोनशेहून अधिक मुलं होती. राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांनी राजीनामा दिला, विधानसभेची चौकशी समिती बसली, आणि पुढे देशाचा कायदा बदलला: 2012 पासून अशा एका पूर्णवेळ पालक-अधिकाऱ्याकडे पन्नासहून अधिक मुलं देता येत नाहीत. लक्षात घ्या, पन्नासची मर्यादा पालक-अधिकाऱ्यांना आहे. बाफानेबाईंच्या विभागाला देशपातळीवर अशी मर्यादा आजही नाही. 2021 च्या सुधारणेने एवढंच सांगितलं की माणसं किती लागतील ते ठरवायला काही पद्धत वापरलीच पाहिजे. कोणती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आपल्याला वाटतं, कार्यालयात माणसं कमी असली तर बरंच, आपल्या दारात कोणी येणार नाही. उलट होतं. वेळ असलेली बाई चार वेळा येते, दुभाषी आणते, आजी मुलाला मालिश करताना ते का रडतं ते विचारते, आणि कुटुंबाला घरातच मदत मंजूर करून जाते. वेळ नसलेली बाई एकदाच येते. तिला दोनच गोष्टी करता येतात. काही नाही असं लिहून फाइल बंद करणं, नाहीतर स्वतःवर ठपका येऊ नये म्हणून मूल सुरक्षित जागी हलवणं. ब्रेमेन पहिल्या चुकीने घडलं. आपली भीती दुसऱ्या चुकीची आहे. दोन्ही चुका एकाच रिकाम्या खुर्चीतून निघतात. दुभाष्यामार्फत बोलणं म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा, म्हणजे तासाचे दोन तास. घाईत पहिली काटछाट तिथेच होते.

2023 मध्ये जर्मनीत सुमारे 74,600 मुलं अशी तात्पुरती ताब्यात घेतली गेली. व्हॉट्सॲपवर हा आकडा ‘मुलं पळवली’ या मथळ्याखाली फिरला. त्यांतली निम्म्याहून अधिक एकटीच देशात आलेली निर्वासित मुलं होती हे त्या संदेशात नव्हतं. काही मुलं तर स्वतःहून कार्यालयात येऊन मला घरी पाठवू नका म्हणतात. कायद्याने त्यांना तो हक्क आहे.

बर्लिनमधल्या एका भारतीय मुलीचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. 2021 मध्ये ती सात महिन्यांची असताना ताब्यात घेतली गेली, आणि 2023 च्या जूनमध्ये भारतातल्या 19 पक्षांच्या 59 खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. त्या कुटुंबाचा निवाडा करायला मी इथे बसलेली नाही. पण त्या निमित्ताने आपल्या मंडळांत जी मागणी सतत होते, की मुलीला तिची भाषा, तिचा आहार, तिचे सण मिळावेत, ती मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त पुढचा प्रश्न विचारते. हे तिला कोण देणार? आपल्यापैकी किती घरांनी पालक-कुटुंब म्हणून नाव नोंदवलं आहे? युगेंडआम्टमध्ये मराठी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी किती माणसं आहेत? जर्मनीला आपण इंजिनीअर देतो, डॉक्टर देतो. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्यात परिचारिका आहेत, वीजतंत्री आहेत, वाहनचालक आहेत. समाजकार्यकर्त्यांचं नाव कुणाला सुचलेलं माझ्या वाचनात आलं नाही. खरं म्हणजे मुंबईत 1936 साली नागपाड्याला भारतातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. परंपरा आपल्याकडे कमी नाही.

अडचण थोडी भाषेचीही आहे. मराठीत ‘समाजसेवक’ म्हटलं की चौकातल्या फ्लेक्सवरचा हात जोडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. सेवा म्हटली की तिला ओव्हरटाइम नसतो. अंगणवाडी सेविकांना आपण पगार देत नाही, मानधन देतो, आणि त्यांना डिसेंबर 2023 पासून पन्नासएक दिवस संपावर बसावं लागतं. मुलांच्या रक्षणाला आपण पेशा मानलेलाच नाही. मग दुसऱ्या देशातल्या पेशाकडे बघताना आपल्याला एक तर संत दिसतो नाही तर चोर, यात नवल काय.

मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक बारावीची मुलगी भेटली. इथेच वाढलेली. तिला समाजकार्य शिकायचं आहे, आणि तेही नेमकं याच विभागात जाण्यासाठी. आईचा चेहरा पडलेला. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘अहो, तुम्ही यातल्याच ना? यात लोक टिकतात का?’ मी जे वर लिहिलं आहे तेच थोडक्यात सांगितलं. ते ऐकून ते गप्प झाले. मुलगी मात्र जवळ येऊन म्हणाली, ‘मावशी, मग मी मुलाखतीत काय विचारू?’ मी म्हटलं, पहिल्या सहा महिन्यांत किती फायली देणार ते विचार, आणि तुझ्या शेजारी बसणारी बाई तिथे किती वर्षं आहे तेही विचार. तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं.